चार मिलिमीटर उरलेले पॅड आणि गणपतीची घाटवाट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात राहता, पेट्रोल हॅचबॅक चार वर्षांची, 38,000 किलोमीटर चाललेली. सर्व्हिसिंगला दिली तेव्हा सांगण्यात आलं, "पुढचे ब्रेक पॅड 4 मिलिमीटर राहिलेत, बदलून घ्या." घराजवळचा मेकॅनिक म्हणतो, अजून दहा हजार किलोमीटर सहज निघतील. तुम्हाला ब्रेक नीट लागतोय, फक्त पावसात सकाळी गाडी काढली की पहिल्या एक-दोन ब्रेकला खरखर येते. आणि गणपतीला घरची पाच माणसं आणि सामान घेऊन पाटण, कुंभार्लीमार्गे गुहागरला जायचंय. बदलायचे की थांबायचं?

बदला. आणि निघायच्या आदल्या दिवशी नको, दहा-बारा दिवस आधी बदला. मात्र हेच 4 मिलिमीटर दुसऱ्या कोणाच्या गाडीत असते तर मी कदाचित थांबा म्हटलं असतं. म्हणून कारणं सविस्तर सांगतो. पुढच्या वेळी हा हिशोब तुमचा तुम्हाला करता यावा.

साताऱ्यात सत्तावीस वर्षं मी गाड्यांचं काम करतोय, त्यातलं निम्मं ब्रेकचंच असेल. "पॅड किती किलोमीटरला बदलायचे?" हा प्रश्न रोज येतो आणि त्याला एक आकडा मी कधीच सांगत नाही. माझ्याकडे येणारे एक गृहस्थ आठवड्यातून दोनदा हायवेने कोल्हापूरला जाऊन येतात. त्यांचे पहिले पॅड सत्तर हजारांच्या पुढे गेले. त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची गाडी पुण्यात सिंहगड रोडवरून रोज ऑफिसला नेणाऱ्या एकांचे पंचवीस हजारांत संपले. पॅड रस्त्याने झिजत नाही, ब्रेक दाबल्याने झिजतो. कोण किती वेळा, किती वेगात आणि किती वजनावर ब्रेक दाबतो ते मीटरवरच्या किलोमीटरला कळत नाही.

म्हणून दोन गोष्टी विचारायच्या. किती मिलिमीटर उरलेत, आणि चाक पुन्हा कधी खोललं जाणार आहे. दुसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात.

तुमच्या गाडीचा हिशोब मांडू. छोट्या गाडीच्या नव्या पुढच्या पॅडवर साधारण 10 मिलिमीटर मसाला असतो. मसाला म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीला, डिस्कला, घासला जाणारा काळपट भाग. मागची लोखंडी पट्टी मोजायची नाही, ती वेगळी पाचेक मिलिमीटर असते. काही जण ती धरून "नऊ मिलिमीटर आहे की अजून" म्हणतात आणि तिथेच फसतात. तुमचे 38,000 किलोमीटरमध्ये 6 मिलिमीटर गेले, म्हणजे अंदाजे 6,300 किलोमीटरला एक मिलिमीटर. मी 3 मिलिमीटरला पॅड बदलतो. त्या हिशोबाने तुमच्याकडे सहा हजार किलोमीटर उरले. पुढची सर्व्हिसिंग मात्र दहा हजारांनी, तेव्हा चाक उघडेल त्या दिवशी पॅड असतील अडीच मिलिमीटरच्याही खाली. तुमचा मेकॅनिक खोटं बोलत नाहीये, दहा हजारांनंतरही थोडा मसाला शिल्लक राहील. पण शेवटचे चार हजार किलोमीटर तुम्ही मर्यादेच्या खाली चालवाल आणि त्या काळात कोणी बघणार नाही.

तुम्ही पुण्यातल्या पुण्यात फिरत असता आणि तीन महिन्यांनी चाक खोलून बघायची तयारी असती, तर मी म्हटलं असतं, ठेवा अजून. तुमच्यापुढे घाट आहे म्हणून ठेवू नका म्हणतो.

तीन मिलिमीटरला का बदलायचा, शून्यापर्यंत का नाही, हे कोणी नीट सांगत नाही. पॅडचं काम फक्त घासायचं नाही, उष्णता अडवायचंही आहे. जाड मसाला डिस्कची उष्णता मागे कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीच्या, पिस्टनपर्यंत लवकर पोचू देत नाही. पातळ झाला की उष्णता थेट पिस्टनला, आणि पिस्टनमागे असलेल्या ब्रेक ऑइलला लागते. शहरात याने काही बिघडत नाही. कोयनानगर सोडून कुंभार्ली घाटाने पोफळीकडे उतरायला लागल्यावर बिघडतं.

पाच माणसं आणि सामान धरून तुमची गाडी तेराशे किलोच्या आसपास जाईल. एवढं वजन पाचशे-साडेपाचशे मीटर खाली उतरताना जी ऊर्जा बाहेर टाकावी लागते तिच्यात वीस लिटर पाणी उकळेल. ती सगळी ब्रेकवर टाकली, तर दोन पुढच्या डिस्क आणि चार पॅड ती पितात. मागच्या चाकांचे ड्रम ब्रेकही थोडा भार घेतात, पण गाडी पुढे झुकते म्हणून साधारण सत्तर टक्के काम पुढच्या चाकांचं असतं. म्हणूनच पुढचे पॅड आधी संपतात.

त्यात तुमचं ब्रेक ऑइल चार वर्षांचं असेल, तर प्रश्न दुप्पट होतो. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट 4 जातीचं नवं ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसला उकळतं, ओल धरलेलं 155 अंशांनाच उकळू शकतं. उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही. थोडा वेळ थांबून सगळं थंड झालं की ब्रेक पुन्हा छान लागतो आणि माणसाला वाटतं भास झाला. भास नसतो तो. पॅड बदलताना ऑइल बदलून ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून घ्या. दर दोन वर्षांनी ते करायचंच असतं.

आता माझ्याच हातून झालेली एक गोष्ट सांगतो, कारण तुमच्या 4 मिलिमीटरच्या आकड्याबद्दल मला अजून एक शंका आहे.

दहाएक वर्षांपूर्वी एक ओळखीचे गृहस्थ महाबळेश्वरला जायच्या आधी गाडी दाखवायला आले. अलॉय व्हील होती, दोन आऱ्यांच्या फटीतून पॅड दिसत होता. मी टॉर्च मारली, पाच मिलिमीटर दिसला, म्हटलं निवांत जा. चौथ्या दिवशी पसरणीचा घाट उतरताना वाईच्या अलीकडे चाकातून लोखंड कातल्यासारखा आवाज यायला लागला. त्यांनी शहाणपणाने पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी खाली आणली, कोणाला काही झालं नाही. चाक खोललं तर बाहेरचा पॅड मी पाहिला तसाच, आणि आतल्या पॅडवर मसालाच नाही. नुसती पट्टी डिस्कवर घासत होती. डिस्कला नखभर खोल चर.

असं का होतं? आपल्या बहुतेक गाड्यांत कॅलिपर दोन पिनांवर सरकणारा असतो. पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो, तो आतला पॅड दाबतो. त्याच्या जोराने अख्खा कॅलिपर पिनांवर सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिनांचं ग्रीस वाळलं, रबरी टोपी फाटून चिखल-पाणी आत गेलं की पिन जाम होते. मग बाहेरचा पॅड नुसता बसून राहतो, सगळं काम आतला करतो. बाहेरून बघणाऱ्याला जो दिसतो तो नेमका कमी झिजलेला! कोकणात वर्षभर राहणाऱ्या गाड्यांत हे मी फार बघतो. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस पिनांना सोडत नाही.

त्या दिवसापासून चाक काढल्याशिवाय मी पॅडबद्दल शब्द बोलत नाही. तुम्हीही सर्व्हिसिंगवाल्यांना विचारा: हे 4 मिलिमीटर आतल्या पॅडचे की बाहेरच्या? डाव्या चाकाचे की उजव्या? चारही आकडे लिहून द्यायला सांगा. "चाळीस टक्के शिल्लक" असं कोणी म्हणालं तर ते धरू नका. चाळीस टक्के पूर्ण जाडीचे की वापरता येण्याजोग्या जाडीचे, हे सांगणाऱ्यालाही माहीत नसतं. स्वतः बघायचं असेल आणि मोजायला काही नसेल, तर काडेपेटीतली लाकडी काडी साधारण दोन मिलिमीटर जाड असते. मसाला दीड काडीइतका दिसला की वेळ झाली. चारही आकडे जवळजवळ सारखे असले तर चांगलं. आतला-बाहेरचा किंवा डावा-उजवा यांत दोन मिलिमीटरच्या वर फरक असेल, तर नुसते पॅड बदलून भागणार नाही. पिना काढून, साफ करून, रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावून बसवल्या पाहिजेत. साधं बेअरिंगचं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि सहा महिन्यांत पुन्हा तेच.

सकाळच्या खरखरीची काळजी करू नका. डिस्क उघडं बीड असतं. पावसात रात्रभर गाडी उभी राहिली की वर तांबूस गंज चढतो, पहिल्या दोन-तीन ब्रेकला तो घासून निघतो आणि आवाज जातो. पाण्याने गाडी धुतल्यावरही तेच.

वेगळे आवाज मात्र ओळखायला शिका. पॅडच्या पट्टीला बऱ्याच कंपन्या एक पातळ पोलादी जीभ लावतात. मसाला दोनेक मिलिमीटरवर आला की ती डिस्कला टेकते आणि गाडी चालत असताना बारीक, उंच किंचाळीसारखा आवाज येतो. तो अनेकदा ब्रेक न दाबताही येतो आणि ब्रेक दाबला की थांबतो. म्हणून लोकांना वाटतं ब्रेकचा काही संबंध नाही, बेअरिंग असेल. ती जीभ मुद्दाम तुम्हाला हाक मारायला बसवलेली असते, तिचं ऐका. सगळ्या पॅडना ती नसते. बाजारातल्या स्वस्त पॅडना बहुधा नसतेच, त्यामुळे आवाज नाही म्हणजे सगळं ठीक असं धरू नका. महागड्या युरोपीय गाड्यांत जिभेऐवजी वायर असते, ती घासली गेली की डॅशबोर्डवर दिवा लागतो. घरघर, लोखंडावर लोखंड, पेडलमध्ये जाणवणारी खरवड आली, तर मसाला संपलाय. त्या अवस्थेत गाडी गॅरेजपर्यंत चालवतही आणू नका, मेकॅनिकला जागेवर बोलवा. एखादा खडा डिस्क आणि मागच्या पत्र्यात अडकला तरी भयंकर आवाज येतो. तो गाडी हळू मागे-पुढे केल्यावर बऱ्याचदा पडून जातो.

आवाज घालवायला पॅडवर ऑइल किंवा स्प्रे मारणारे लोक मी पाहिलेत. आवाज जातो खरा. ब्रेकही जातो. पॅडने एकदा तेल प्यायलं की तो टाकून द्यायचा, तापवून-घासून वापरायचा नाही.

हायवेला ऐंशीच्या वेगात ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरत असेल तर दोष डिस्कचा, तिची जाडी गोलात सारखी राहिलेली नसते. नवे पॅड टाकून ती थरथर जाणार नाही. गाडी एका बाजूला ओढत असेल तर त्या किंवा पलीकडच्या बाजूच्या चाकाचा कॅलिपर बघायचा. आणि अचानक जोरात ब्रेक दाबल्यावर पेडल पायाखाली टकटक धडधडलं, तर ते एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, आपलं काम करतंय. पाय उचलू नका.

बॉनेट उघडून एक गोष्ट तुम्ही आजच बघू शकता, ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी. पॅड झिजतो तसा पिस्टन बाहेर येतो, त्याच्यामागची रिकामी जागा ऑइल भरतं आणि डबीतली पातळी उतरते. म्हणजे पातळी हळूहळू किमान रेषेकडे येतेय हीच पॅड पातळ झाल्याची खूण. लोक काय करतात, ऑइल कमी दिसलं की वरून भरतात. मग नवे पॅड टाकताना पिस्टन मागे ढकलला की जादा ऑइल डबीतून वर येऊन सांडतं, आणि ज्या रंगावर पडतं तो रंग सोलतो. सांडलंच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. पातळी महिनाभरात झरझर उतरत असेल तर ती झीज नव्हे, गळती. चाकांच्या आतल्या बाजूला ओल दिसते का ते त्याच दिवशी बघून घ्या. आणि त्या डबीत इंजिन ऑइल चुकूनही घालू नका. एक चमचा गेलं तरी सगळी रबरी सीलं फुगतात आणि ब्रेकची पूर्ण यंत्रणा बदलायची वेळ येते.

मागच्या ड्रममधले लायनर, म्हणजे तिथला घासला जाणारा मसाला, दुप्पट टिकतात. हँडब्रेक पूर्वीपेक्षा बराच वर ओढावा लागत असेल तर ड्रम उघडून बघायचा. या वेळी पुढचं काम होतंय तर मागचं उघडून साफ करून घ्या, एवढंच.

आता पॅड बदलताना. दोन्ही पुढच्या चाकांचे एकदमच बदलायचे, एकाच बाजूचे कधीच नाहीत. पॅडचा संच छोट्या गाडीला दीड-दोन हजारांच्या आसपास येतो, यात पाचशे वाचवायला बिननावाचा डबा घेऊ नका. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं मापक, लावून तुमच्यासमोर मोजायला सांगा. तिच्या खाली असेल तर डिस्क बदलायची. वर असेल आणि बारीक रेषा असतील तर काही करायची गरज नाही. प्रत्येक वेळी डिस्कला लेथ मारायला, म्हणजे यंत्रावर कातून सपाट करायला, सांगणाऱ्याला मात्र विचारा की लेथ मारल्यावर जाडी किती उरेल. आतली धूळ हवेच्या पाइपने उडवू देऊ नका, ती नाकातोंडात जाते. ब्रेक क्लीनर किंवा पाण्याने धुवायची. कॅलिपर काढून नळीवर लोंबकळत ठेवला असेल तर तारेने बांधून ठेवायला सांगा, संकोच करू नका. गाडी तुमची आहे.

आणि हे एक न विसरता. नवे पॅड बसल्यावर पिस्टन मागे गेलेला असतो, पहिला ब्रेक दाबला की पेडल सरळ तळाला जातं. इंजिन चालू करून गाडी जागेवर असताना पेडल कडक होईपर्यंत दाबत राहायचं, मगच गिअर टाकायचा. गॅरेजमधून गाडी काढताना समोरच्या भिंतीवर गेलेली मी पाहिली आहे. सुदैवाने भिंतच होती.

दहा-बारा दिवस आधी बदला असं म्हटलं ते नवे पॅड डिस्कवर बसायला वेळ लागतो म्हणून. पहिले दोन-तीनशे किलोमीटर त्यांची पकड पूर्ण नसते. सकाळी रिकाम्या रस्त्यावर साठच्या वेगावरून वीसवर आणा, सोडा, थोडं चालवा, पुन्हा आणा, असं आठ-दहा वेळा. करकचून नको आणि डिस्क तापलेली असताना ब्रेक दाबून गाडी उभी ठेवू नका. नंतर नेहमीसारखी चालवा. नवे कोरे पॅड घेऊन थेट घाटात उतरलात तर वरचा मसाला तापून काचेसारखा गुळगुळीत होतो, मग ब्रेक लागतो पण गाडी थांबत नाही.

कुंभार्ली उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, तुमच्या गाडीला बहुतेक ठिकाणी दुसरा. इंजिन ओरडेल, ओरडू द्या, पेट्रोल जास्त जात नाही. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला की आजच्या इंजिनात पेट्रोल जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रल मारून पेट्रोल वाचवण्यात काहीही वाचत नाही. पाय ब्रेकवर नुसता टेकवून ठेवू नका. वळणाआधी नीट दाबा, वेग उतरवा, सोडा, डिस्कला वारा लागू द्या. धुकं असेल, पुढे एसटी असेल, तरी तिच्यामागे अंतर ठेवून चला. जळकट वास आला किंवा पेडल मऊ वाटलं तर रुंद जागा बघून थांबा, पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा आणि अर्धा तास बसा. चाकांवर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकडी होते, चिरही जाते.

काम झाल्यावर जुने चारही पॅड मागून घ्या आणि घरी व्हर्नियर किंवा पट्टीने मोजा. डाव्याचा आतला-बाहेरचा, उजव्याचा आतला-बाहेरचा, असे चार आकडे आणि त्या दिवशीचे किलोमीटर सर्व्हिस बुकच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. नव्या पॅडची जाडीही त्याखाली लिहा. पुढचा हिशोब तिथूनच सुरू करायचा आहे.